कुस्तीचा पे-पर-व्ह्यू घरी सोडून स्पोर्ट्स बारमध्ये का बघायचा?

तुम्ही विचारलंय: अमेरिकेत नवीन आलोय, लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती बघतो, दारू पीत नाही. मग रेसलमेनियासारखे मोठे पे-पर-व्ह्यू, म्हणजे वेगळे पैसे भरून बघायचे कार्यक्रम, घरी बघायचे सोडून लोक स्पोर्ट्स बारमध्ये का जातात, आणि मी जावं का?

जा. मीही दारूला शिवत नाही आणि 2007 पासून जातोय.

हा प्रश्न मला माझ्याच नात्यात इतक्या वर्षांपासून विचारला जातोय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. विचारणारे माझे साडू. इथे न्यू जर्सीत आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. माणूस लाखमोलाचा. मी नवीन असताना गाडी चालवायला त्यांनीच शिकवली, मुलीच्या वेळी रात्री दोन वाजता हॉस्पिटलमध्ये तेच धावत आले. पण गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, चार माणसं जमली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आमचे साडू कुस्ती बघायला बारमध्ये जातात, आणि तीही खोटी कुस्ती." सगळे हसतात. मला ते लागतं. मी कोल्हापूरचा आहे. माझे वडील तालमीत वाढले. कुस्ती कशी बघायची हे मला कुणी शिकवू नये.

शाहू महाराजांनी आमच्याकडे खासबाग मैदान बांधलं. रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात आलं असं सांगतात. मध्ये खोलगट आखाडा, तांबडी माती आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, जोड दिसतेच. वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे. हलगी वाजायला लागली की शेजारचा अनोळखी माणूस आपोआप आपला व्हायचा. पैलवानानं पट काढला की वीस हजार माणसं एकदम पुढे झुकायची, आणि चितपट झाली की फेटे उडायचे. त्यातली कुस्ती किती आठवते? थोडी. पुढे झुकलेली ती माणसं मात्र जशीच्या तशी आठवतात. कुस्ती ही घरात कोचावर बसून बघायची गोष्टच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, मातीतली असो नाहीतर मॅटवरची.

इथे आलो 2006 साली. तेव्हा साधा पे-पर-व्ह्यू केबलवर 40 डॉलरच्या आसपास पडायचा, रेसलमेनिया त्याहून महाग. आमच्या एका खोलीच्या घराला ते परवडणारं नव्हतं. ऑफिसातला एकजण म्हणाला, बारमध्ये 10 डॉलर दे आणि बघ. 26 ऑगस्ट 2007, समरस्लॅम नावाचा असाच मोठा कार्यक्रम. आपला ग्रेट खली, म्हणजे हिमाचलचा दलीपसिंह राणा, तेव्हा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन होता आणि समोर बटिस्टा. सामना चालला होता ईस्ट रदरफोर्डला, आमच्या घरापासून तासाभराच्या आत, पण तिकीट काढायची ऐपत नव्हती. बारमध्ये मी एकटाच हिंदुस्थानी. खली बोगद्यातून बाहेर आला तशी पाच-सहा डोकी माझ्याकडे वळली. एकानं विचारलं, "तुमचा ना हा?" मी म्हटलं, "हो, आमचा." खलीनं खुर्ची हाणली, बाद झाला, आणि बाद झाला म्हणून चॅम्पियनचा पट्टा त्याच्याकडेच राहिला. अख्खा बार ओरडत होता, मला ढोसत होता, हसत होता. परक्या देशात येऊन वर्ष झालं होतं आणि इतकी माणसं माझ्याशी एकदम बोलल्याची ती पहिली वेळ.

तेव्हापासून तोच बार. रूट 1 वर, मधोमध लांब काउंटर, शेवटाला भिंतभर पडदा. 2009 पासून आमचं पाचजणांचं टेबल ठरलेलं. त्यात एक दाढीवाला अवाढव्य गृहस्थ, घरांची छपरं घालण्याचं काम करणारा. आम्ही वर्षातून सात-आठ वेळा भेटायचो, आणि फक्त तिथेच.

आता 2014 बद्दल सांगतो, कारण साडूंचा आणि माझा खरा वाद त्या वर्षीचा आहे. त्या फेब्रुवारीत डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क, म्हणजे त्यांचं इंटरनेटवरचं चॅनेल, सुरू झालं. महिन्याला 9.99 डॉलर, आणि रेसलमेनियासकट सगळं त्यातच. जो रेसलमेनिया केबलवर 60 डॉलरला पडत होता तो 10 डॉलरात घरी. साडूंनी मुलासाठी ते लगेच घेतलं आणि मला फोन केला: "आता काय निमित्त सांगणार? रविवारी सगळे इकडे या, बटाटेवडे करतोय. बारमध्ये जायचं काही कारण उरलं नाही." मी म्हटलं, मी बारमध्येच बघणार. त्यांना वाईट वाटलं. बायको आणि मुलगी वडे खायला गेल्या, मी गेलो रूट 1 ला. घरात दोन दिवस अबोला होता हेही सांगून टाकतो.

6 एप्रिल, न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, रेसलमेनिया 30. सुरुवातीलाच जुना स्टार हल्क होगन सुपरडोमला सिल्व्हरडोम म्हणाला. सिल्व्हरडोम म्हणजे 1987 साली त्यानं आंद्रे द जायंट या महाकाय पैलवानाला उचललं ती जागा. बार खो-खो हसला. मग डॅनियल ब्रायननं ट्रिपल एचला हरवलं. सगळं झकास चाललं होतं. आणि मग अंडरटेकर आणि ब्रॉक लेसनर यांचा सामना.

तुम्ही लहानपणापासून बघता, म्हणजे अंडरटेकर रेसलमेनियात तोवर 21 पैकी 21 जिंकला होता हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही कोल्हापुरात पोरं शपथेवर सांगायचो की त्याला सात जीव आहेत. पैलवानांची चित्रं असलेल्या ट्रम्प कार्डांच्या खेळात त्याचं कार्ड हातात आलं की ते लपवून ठेवायचो. त्या रात्री तो थकलेला दिसत होता. दाढीवाला दोनदा म्हणाला, आज त्याचं काहीतरी बिनसलंय. त्याच सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला होता आणि नंतर त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. लेसनरनं एफ-फाइव्ह हा आपला हुकमी डाव तिसऱ्यांदा मारला. पंच तीन मोजायला खाली बसला. एक. दोन. आम्ही सगळे तोंडानं मोजत होतो, कारण दोनला खांदा उचलला जाणारच होता. तीन.

तिथे साधारण दीडशे माणसं होती. कुणाच्याही तोंडून शब्द निघेना. वाढणारी बाई हातात विंग्सचा ट्रे घेऊन दोन टेबलांच्या मध्ये थांबली होती. काउंटरमागच्या मशीनमधून बर्फ खाली पडला तो आवाज मी ऐकला. स्टेडियममध्येही संगीत वाजेना, आणि मग पडद्यावर आकडे आले, 21-1. पुढच्या टेबलावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा बापाबरोबर आला होता, डोक्यावर अंडरटेकरसारखी काळी टोपी. त्यानं ती काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून बसला. दाढीवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलला काहीच नाही. अंडरटेकर उठून हळूहळू चालत गेला आणि एका कोपऱ्यातून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग सगळे उभे राहिले. पडद्यासमोर उभं राहून माणसं टाळ्या वाजवत होती. सुपरडोममध्ये त्या ऐकू जाणार नव्हत्या हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, अंडरटेकर हरला की काय? मी चटणी आणायला उठलो होतो. धाकटा झोपलाय म्हणून आवाजही बारीक होता. आता मागं नेऊन बघतोय. पंचाची चूक झाली का?"

त्यांना मागं नेऊन बघता आलं, ही घरची सोय, मान्य. पण त्या घरात पाच मोठी माणसं आणि तीन पोरं होती, वडे उत्तम झाले होते असं बायको सांगते, आणि तो क्षण तिथे कुणालाही सापडला नाही. मी हे तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. पुढे त्याच रात्री ब्रायननं ऑर्टन आणि बटिस्टाला हरवून पट्टा जिंकला, आणि जी माणसं तासाभरापूर्वी मुकी झाली होती ती दोन्ही हात वर करून ब्रायनची 'येस! येस!' ही घोषणा देत होती. तो टोपीवाला मुलगा बापाच्या खुर्चीवर उभा होता.

माझं म्हणणं खरं आहे हे 2020 नं दाखवून दिलं. कोरोनामुळे रेसलमेनिया 36 ऑरलँडोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये एकाही प्रेक्षकाशिवाय झाला. बार बंद. मीही घरीच बघितला. पैलवान तेच होते आणि डावही तेच. माणूस आपटला की मॅटचा धप्प आवाज यायचा आणि पुढं काहीच नाही. अर्ध्या तासात साडूंचा फोन: "हे बघवत नाही हो." पुढे 2021 मध्ये टँपाला प्रेक्षक परत आले तेव्हा मला भरून आलं होतं.

आता "खोटी" या शब्दाबद्दल. निकाल आधी ठरलेला असतो हे लहान मुलालाही कळतं. पण पडणं खरं असतं, अंडरटेकरच्या डोक्याचा मार खरा होता. आणि आमचे साडू कुडाळचे. गावी गेले की देवळासमोर दशावताराला पहाटेपर्यंत बसतात. त्यातला संकासुर राक्षस मरणार हे त्यांना माहीत नसतं? वेषधारी कलाकार दिवसा शेतात राबतो हे ठाऊक नसतं? तरी ते मांडवात जाऊनच बसतात, कारण मजा मांडवात आहे. मोबाइलवर दशावतार बघा म्हटलं तर चिडतात. मग मला का हसायचं?

तुमच्या कामाचं राहूनच जाईल, म्हणून लिहितो. सगळ्या बारमध्ये कुस्ती लागत नाही. बारला घरगुती वर्गणीवर ती दाखवता येत नाही. व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो, आणि तो किती महाग हे बारमध्ये किती माणसं मावतात त्यावर ठरतं. म्हणून आधी फोन करा आणि नुसतं "दाखवता का" विचारू नका, "आवाज लावता का" हे विचारा. नोव्हेंबर-डिसेंबरात रविवारी रात्री अमेरिकन फुटबॉल असतं, आवाज तिकडे जातो आणि कुस्ती कोपऱ्यातल्या टीव्हीवर मुकी चालते. तशी बघण्यात अर्थ नाही. दारू न घेणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. मी लेमोनेड आणि विंग्स घेतो. पण चार तास टेबल अडवताय तर टिप चांगली द्या. नुसत्या बिलावर टक्केवारी काढत बसू नका, त्या बाईचा अख्खा रविवार तुमच्या टेबलावर गेलेला असतो.

घरी बघायची कारणंही आहेत. लहान मूल असेल तर घरीच बघा. काही बार ठरावीक वेळेनंतर मुलांना घेत नाहीत. पिणाऱ्यांबरोबर जाणार असाल तर परतताना गाडी तुमच्याच हातात राहील हे आधी ठरवा. 2020 पासून रेसलमेनिया दोन रात्रींचा झालाय. दोन्ही रात्री बारमध्ये काढणं आता माझ्याच्यानं होत नाही, मी शनिवारी घरी बघतो आणि रविवारी जातो. आणि पैशाचं गणित फिरलंय. नेटवर्क 2021 मध्ये पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर गेलं, 2025 च्या सप्टेंबरपासून मोठे कार्यक्रम ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या सेवेवर, सुरू झालं तेव्हा महिना 29.99 डॉलर. एईडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीचे पे-पर-व्ह्यू अजून 50 डॉलरच्या घरात आहेत. म्हणजे बार पुन्हा स्वस्त पडू लागलाय. साडूंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

त्यांचा तो धाकटा, जो 2014 ला झोपला होता, आता कॉलेजला जायच्या वयाचा होत आलाय. गेल्या महिन्यात त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुमच्या त्या टेबलावर मला जागा होईल का?" मी म्हटलं, होईल, पण बाबांना विचारून ये. मग साडूंचाच फोन आला. म्हणाले, "नेताय तर न्या, पण वडे खाऊन जा."