टाऊन हॉलमधला समुद्रदेव कोल्हापुरात आला कसा?

तुम्ही विचारलंय, "कोल्हापूर समुद्रापासून इतकं लांब, मग टाऊन हॉल म्युझियममध्ये ग्रीक समुद्रदेव पोसायडनची मूर्ती कशी? ती खरंच इथं सापडली की कुणी आणून ठेवली? पूर्वी पंचगंगेतून जहाजं येत होती का?"

मूर्ती खरी आहे आणि इथंच सापडली आहे. पंचगंगेतून जहाजं येत नव्हती. एवढं वाचून थांबायचं असेल तर थांबा. पण "समुद्रापासून इतकं लांब" हे शब्द मी गेली तीस वर्षं ऐकतोय आणि ते मला लागतात, म्हणून पुढचं लिहितो.

माझं घर शुक्रवार पेठेत. ब्रह्मपुरीची टेकडी आम्हाला चालत पाच मिनिटं. तिथं १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगार यांच्या खोदकामात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. पाठोपाठ डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातलं गाव उघडं पडलं. भाजक्या विटांची घरं, नाणी, मणी. साठ्यात तो समुद्रदेव होता, रोमन घडणीची भांडी होती, आरसा होता. एका गोल पदकावर पर्सियस आणि अँड्रोमेडा आहेत, म्हणजे समुद्रातल्या राक्षसापुढं बळी म्हणून खडकाला बांधलेली राजकन्या आणि तिला सोडवणारा वीर. पोसायडनवर सगळे थांबतात, या पदकाकडे कुणी बघत नाही. दोन्ही वस्तूंत समुद्र आहे, आणि दोन्ही आमच्या नदीकाठच्या टेकडीतून निघाल्या.

जहाजांचं म्हणाल तर नकाशा बघा. पंचगंगा पूर्वेला जाते, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि ते पाणी पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात पडतं. रोमन माल पश्चिमेच्या समुद्रातून येत होता. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेसारख्या बंदरांतून जहाजं जुलैच्या आसपास सुटायची, नैऋत्येचा वारा शिडात घेऊन आपल्या किनाऱ्याला लागायची, आणि थंडीत वारा उलटला की परत. त्या काळच्या ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात, पेरिप्लसमध्ये, कल्याण आणि चौलची नावं आहेत. तिथून किंवा त्याखालच्या कुठल्यातरी बंदरातून हा देव वर आला. कसा आला, ते मला पुस्तकानं सांगितलं नाही. माझ्या सासऱ्यांनी सांगितलं.

सासरे मालवणचे. जातीनं गाबीत, म्हणजे दर्यावर जगणारी माणसं, आणि हाडाचे तांडेल, होडी हाकणारे. माझं लग्न झालं १९९४ ला. आम्ही शाहूपुरीत गुळाची अडत करणारी माणसं, तीन पिढ्या गुळाचे रवे मोजण्यात गेलेल्या. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं, जावई कुठले? सासरे म्हणाले, "घाटावरचे. तेंका दर्याचा काय म्हायती." पंगत हसली. मी नवा जावई, मान खाली घालून जेवलो. पण त्याच रात्री ठरवलं की यांना एकदा ब्रह्मपुरीचा देव दाखवायचा.

तो योग दोन वर्षांनी आला. आषाढात, होड्या वर ओढून झापांनी शाकारल्यावर, मामा, म्हणजे सासरे, लेकीला बघायला कोल्हापूरला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना टाऊन हॉलला घेऊन गेलो. पाऊस झिमझिम होता. बागेतल्या तोफांपाशी ते जरा रेंगाळले, मग आत. काचेपलीकडे ती ओंजळीत मावेल एवढी मूर्ती. उघडं अंग, दाढी, वर उचललेला हात, त्यातला त्रिशूळ कधीच गेलेला. मी म्हणालो, "मामा, हा समुद्राचा देव. आमच्या गावात सापडलाय. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला. मला वाटलं, आता म्हणतील, हरलो. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, काचेसमोर हात जोडले आणि मग मला विचारलं, "हो घाट कसो चढलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सातवाहन, रोम, विळिवायकुराची नाणी, सगळं पाठ करून गेलो होतो. विळिवायकुर हा इथला राजा, त्याच्या नाण्यांवर धनुष्यबाण आहे, आणि टॉलेमी या जुन्या ग्रीक भूगोलकारानं 'बॅलिओकुरोस' म्हणून ज्याची राजधानी सांगितली तो हाच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. हे सगळं मला येत होतं. पण मूर्ती घाट कशी चढली, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मामाच म्हणाले, "बैलाच्या पाठीर बसान इलो."

मग बागेत बाकावर बसून त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या वेळी मालवणहून मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी फोंड्याच्या घाटानं वर जायची आणि वरून गूळ, मिरची, तंबाखू खाली यायची. आधी लमाणांचे बैल, मग गाड्या. मिठाचं पोतं पावसात घाट चढत नाही, म्हणून सगळी ये-जा दिवाळीनंतर. "दर्याचो हंगाम आनि घाटाचो हंगाम एकच," असं ते म्हणाले. परदेशाहून शीड लावून येणारं जहाज पावसाळ्याच्या शेवटाला किनाऱ्याला लागतं आणि घाट दिवाळीला सुकतो. हा हिशेब त्यांनी कुठं वाचला नव्हता. मी वाचला होता, पण अर्धाच.

आमच्या दुकानातून खाली जाणारा गूळ मी लहानपणापासून बघत आलोय. ट्रकवर रवे चढताना तो त्याच जुन्या वाटेनं चाललाय, हे त्या बाकावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खारेपाटणला मिळालेला रट्टराज शिलाहाराचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं सोन्याचा एक गद्याण, म्हणजे त्या काळचं नाणं, देवस्थानाला द्यावा असं त्यात आहे. कोकणच्या शिलाहारांचेच भाऊबंद इकडे पन्हाळ्यावर राज्य करत होते. खाली बंदर, वर बाजार, मध्ये घाट. हे वेगवेगळे प्रदेश नव्हतेच. त्यांना वेगळं आपण केलं, आणि शाळेच्या पुस्तकांनी त्यात भर घातली. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, चप्पल आणि तांबडा रस्सा. आरमार म्हटलं की कोकण. हे मला अजिबात मान्य नाही.

खरं भांडण त्यानंतर झालं. रात्री जेवताना मी म्हणालो, मामा, तुमचा सिंधुदुर्गही आमच्याच गादीचा. मी चुकीचं बोललो नव्हतो. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून किल्ला बांधायला घेतला. पुढं सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, १७३१ ला वारणेचा तह झाला, आणि मालवण-सिंधुदुर्ग कोल्हापूरकडे राहिला. कोल्हापूरच्या आरमाराचं ठाणं ते. १७६५ ला जिजाबाईसाहेब कारभार बघत होत्या, तेव्हा इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. पुढच्याच वर्षी पैसे आणि तह घेऊन तो कोल्हापूरला परत द्यावा लागला. इंग्रजी कागदांत आमचे लोक 'मालवणचे चाचे'. आमचा परवाना न घेता फिरणारं जहाज आमच्या लोकांनी धरलं तर ते चाचे. पोर्तुगीजांनी अडीचशे वर्षं आधी याच समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना काढून तेच केलं, त्यांना मात्र कुणी चाचे म्हटलं नाही.

मामांनी ताटातला हात थांबवला. म्हणाले, "आनि मगे? तुमी आपलो गाव राखलात आनि आमचा बंदर इंग्रजाक देवन टाकलात."

१८१२ चा तह. पेशवे आणि निपाणीचे जहागीरदार निपाणकर यांच्या दाबात कोल्हापूर सापडलं होतं. इंग्रजांनी मध्यस्थी केली आणि त्या मध्यस्थीची किंमत म्हणून मालवण घेतलं. मामांना साल माहीत नव्हतं, पण गोष्ट माहीत होती. त्यांच्याकडे ती घरात सांगितली जाते. आमच्याकडे नाही. माझी बायको दोघांच्या मध्ये भाकरी वाढत होती आणि कुणीच बोलेना. मामा सकाळी पहिल्या एस.टी.नं गेले. आमच्यात नंतर दुरावा राहिला असं नाही, पण हा विषय त्यांनी परत काढला नाही आणि मीही काढला नाही. ते जाऊन आता आठ वर्षं झाली.

त्या रात्री मला उत्तर सुचलं नव्हतं. आज असतं तर हे असतं. मामा, बंदर गेलं तेव्हा तुमचं एकट्याचं गेलं नाही. समुद्र असलेलं राज्य त्या दिवसापासून घाटावरचं संस्थान झालं. इथल्या माणसाला समुद्र परका वाटायला लागला तो तेव्हापासून, आणि तुमच्या पंगतीत जावयाला "घाटावरचे" म्हणून हसतात तेही तेव्हापासूनच. त्या तहानं दोघांचंही घेतलं.

एक गोष्ट मात्र मी त्या रात्री बोललो नाही आणि बोलायला हवी होती. "आमचं आरमार" म्हणताना गादी कोल्हापूरची असली तरी गुराबांवर आणि गलबतांवर, म्हणजे आरमाराच्या जहाजांवर, हात होते ते गाबीत, भंडारी, कोळी यांचे. मालवणच्या बंदरात पाण्याखाली खडक आहेत, तिथून वाट काढायची ती त्यांनाच ठाऊक. मामांच्या बापाचा मचवा अशाच एका खडकावर फुटला, त्याच्या सुकाणूचा तुकडा अजून त्यांच्या माजघरात उभा आहे. पन्हाळ्यावर बसून कुणी त्या वाटा ओळखल्या नव्हत्या. हे मामांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. माझं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

आणखी एक. मूर्ती परदेशातून आली यावर फारसा वाद नाही, पण इथल्या घरात ती पूजेला होती, शोभेला होती की मोडीत वितळवायला ठेवलेली होती, हे मातीतून कळत नाही. टाऊन हॉलमध्ये कुणी छातीठोक सांगितलं तर ऐकून घ्या.

बघायला जाणार असाल तर मूर्तीनंतर गगनबावड्याला जा, कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर. करूळ घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवा आणि स्वच्छ दिवशी पश्चिमेला बघा. मग उतरून मालवणला जा आणि सिंधुदुर्गाची होडी घ्या. किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या देवळात, जे राजाराम महाराजांनी बांधलं, नारळ ठेवा. होडीवाला किल्ल्याची गोष्ट सांगताना १६६४ वरून एकदम इंग्रजांवर आला, तर त्याला मधल्या कोल्हापूरच्या वर्षांबद्दल विचारा. आणि तुम्ही कुठले असं त्यानं विचारलं तर कोल्हापूरचा, एवढंच सांगा. "घाटावरचा" म्हणू नका.