केस विरळ होत चाललेत. नुसता आहार, सप्लिमेंट आणि ताण कमी करून ते परत येतात का?

ताई, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: वय २९, पुण्यात आयटीत नोकरी, शाकाहारी. चार-पाच महिन्यांपासून केस गळतायत आणि भांग रुंद दिसायला लागलाय. मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं केसवाढीचं औषध) वगैरे लावायचं नाहीये, नैसर्गिक उपायांनीच करायचंय, आणि बायोटिनच्या (ब गटातलं एक जीवनसत्त्व) गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, घेऊ का असंही विचारलंय.

केस कशामुळे गळतायत त्यावर उत्तर अवलंबून आहे. शरीरात काही कमी पडल्यामुळे किंवा मोठा धक्का बसल्यामुळे गळत असतील, तर कमतरता भरून काढली, धक्का सरला की बहुतेक वेळा ते परत येतात. आनुवंशिक विरळपणा असेल, तर पालक-बीट-बदाम कितीही खा, तो थांबत नाही. तेव्हा काही विकत घेण्याआधी आपला प्रकार कोणता ते बघा.

मी सांगलीत औषधांचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. केसांच्या गोळ्यांवर मार्जिन चांगलं असतं आणि कंपन्यांच्या स्कीमही असतात, त्यामुळे पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा की मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय.

आमच्याकडे पावसाळा सरताना डेंग्यूचे पेशंट वाढतात, आणि दिवाळी उलटली की केसांच्या गोळ्या विचारणारे. मधल्या दोन-तीन महिन्यांचं कारण साधं आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, उरलेले विश्रांतीत. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, मग तो केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे गळणं नव्हेच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, अपघात, घाईघाईने उतरवलेलं वजन किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू असं काही झालं की शरीर बरेचसे केस एकदमच विश्रांतीत ढकलतं आणि मग ते एकदमच गळतात. याला टेलोजेन इफ्लुवियम म्हणतात. लोक दोष देतात मागच्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला किंवा नव्या सोसायटीतल्या बोअरच्या पाण्याला. बघायचं असतं कॅलेंडरमध्ये, तीन महिने मागे. तुम्हीही बघा: ताप, डाएट, नोकरीतली उलथापालथ, गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या का, वगैरे.

यातली गंमत अशी की ही गळती सहसा सहा महिन्यांच्या आत आपली आपण ओसरते. त्या सुमारास जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्या घरी बाळंतपणानंतर बायकोचे केस पुंजक्याने जायला लागले तेव्हा सासूबाईंनी माका-जास्वंदीचं तेल कढवलं, माझ्या आईने हळिवाचे लाडू केले, आणि एका वहिनींनी ऑनलाइन मागवलेल्या सिरमची बाटली दिली. केस परत आले. कशामुळे आले यावर आमच्याकडे आजही तीन पक्ष आहेत. इंटरनेटवरच्या 'आधी-नंतर' फोटोंकडे बघताना एवढं ध्यानात असू द्या.

आता तुमच्या भांगाबद्दल. टेलोजेन इफ्लुवियममध्ये सगळ्या डोक्यावरून सारखे केस जातात, कंगव्यात, बाथरूमच्या जाळीवर ढीग दिसतो. केसाच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. त्याला बघून 'मूळच उपटलं' म्हणून घाबरतात, पण मूळ आतच असतं. आनुवंशिक प्रकारात ढीग दिसेलच असं नाही. बायकांमध्ये कपाळावरची रेषा बहुधा तशीच राहते आणि मधला भांग हळूहळू रुंद होतो, तिथले केस बारीक आणि आखूड होत जातात. आई, मावशी, आत्या, वडील यांच्यात कोणाचं असं आहे का बघा. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, मुरमं असं सोबत असेल तर पीसीओएसचीही (संप्रेरकांच्या बिघाडाचा एक विकार) शंका घ्यायला हवी. आणि दोन्ही प्रकार एकत्र असू शकतात: आनुवंशिक विरळपणा आधीपासून हळूच चालू असतो, तापानंतरच्या गळतीने तो उघडा पडतो. तुम्ही गळतीही लिहिलीय आणि भांगही, म्हणून हे सांगतोय. गोल, गुळगुळीत चकती पडली असेल तर ती चाई; तिचं कारण वेगळं, तिला थेट त्वचारोगतज्ज्ञच. रोज घट्ट बांधलेल्या पोनीने कपाळाजवळचे केस जात असतील तर उपाय फुकट आहे, सैल बांधा.

मग आहार. बायकांच्या केसांच्या बाबतीत मी सगळ्यात आधी लोहाकडे बघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरीटीन नावाच्या रक्ततपासणीवरून कळतो. त्यामुळे नुसती सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) करून 'सगळं नॉर्मल' म्हणत घरी येऊ नका, सोबत फेरीटीन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि व्हिटॅमिन डी करून घ्या. फेरीटीन ताप किंवा सूज असताना खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून आजारपणात करू नका. प्रयोगशाळेच्या कागदावर १५ च्या जरा वर असलं तरी 'नॉर्मल' छापून येतं. केसांच्या दृष्टीने ते अपुरं आहे असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात, पण नेमका आकडा कोणता यावर त्यांच्यातही एकमत नाही.

शाकाहारी जेवणात लोह असतं, ते अंगी लागत नाही ही अडचण. जेवणाबरोबर चहा बंद करा, मध्ये तासभर तरी जाऊ द्या. उसळीवर, आमटीत, पोह्यांवर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं. मटकी, हरभरा मोड आणून खा. हळीव, तीळ आहेतच. भाजी लोखंडी कढईत करा, आंबट असेल तर शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. पण साठा खरोखर तळाला गेला असेल तर नुसत्या जेवणाने तो भरायला फार वेळ लागतो, तिथे गोळी लागते. गोळीबद्दल दुकानात रोज सांगतो तेच सांगतो: कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका. बद्धकोष्ठ होत असेल तर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना एक दिवसाआड घेऊ का विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं असं झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुणींवर दाखवलंय.

प्रथिनांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. सकाळी पोहे आणि चहा, डब्यात दोन-तीन पोळ्या आणि दुधीची भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पातळ वरण-भात. माझ्या हिशेबाने हे तीस ग्रॅमच्या आसपास रेंगाळतं. त्यात नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, ज्यात जवळजवळ नुसता स्टार्च. केस हे केराटीनचे, म्हणजे प्रथिनाचेच. मूठभर फुटाण्यांतून पाच-सहा ग्रॅम मिळतात, तेवढेच एका अंड्यातून, तीस ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंधराच्या आसपास. पिठलं, दही, पनीर, शेंगदाणे. प्रोटीन पावडरचा डबा लागतोच असं नाही. आणि महिन्यात सात-आठ किलो उतरवणारं कोणतंही डाएट चालू असेल तर ते आधी थांबवा. केस गळण्याचं ते पाठ्यपुस्तकातलं कारण आहे.

बी-१२ ची गोष्ट तर तुमच्या पुण्याचीच. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं, आणि सगळ्यात जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं. शाकाहारी असाल तर तपासाच. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असलेल्यांना जास्त धोका. कमी असेल तर भरून काढण्याचं मुख्य कारण नसा आणि रक्त हे आहे, केस त्यानंतर. व्हिटॅमिन डीचं तसंच, फक्त ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं. 'लवकर फरक पडेल' म्हणून रोज घेणारे मी पाहिलेत, आणि ते खरोखर धोक्याचं आहे.

बायोटिन. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गमीज आणि गोळ्यांत ५,००० किंवा १०,०००. खरी कमतरता फार क्वचित असते. भरलेल्या टाकीत नळ सोडल्यासारखं ते लघवीवाटे वाहून जातं. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी काही बोललो नसतो, पण त्याने रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता: थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या ट्रोपोनिनच्या चाचणीतही गफलत होऊ शकते. म्हणजे केस का गळतात ते शोधायला टीएसएच करायची आणि केसांच्याच गमीजमुळे ती चुकीची यायची. घेतच असाल तर तपासणीआधी काही दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत सांगा.

'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय बिघडतं' हे वाक्य काउंटरवर फार ऐकतो. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, आणि केसांच्या अनेक गोळ्यांत हे दोन्ही असतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना काही दिवसांतच टक्कल पडल्याच्या बातम्या आठवत असतील. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, नमुने तपासून घेतले, आणि रेशनच्या गव्हातल्या अतोनात सेलेनियमकडे त्यांनी बोट दाखवलं. म्हणून एकाच वेळी मल्टिव्हिटॅमिन, 'हेअर-स्किन-नेल्स' आणि गमीज असं तिहेरी काही चालू करू नका. पाठीमागची अक्षरं वाचा, तेच घटक तिन्हींत असतात.

तेल लावायचं असेल तर जरूर लावा. खोबरेल तेलाने केसाच्या काडीतलं प्रथिन कमी झिजतं हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं होतं, म्हणजे आज्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण ते बाहेर आलेल्या केसाचं झालं. नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही.

ताणाबद्दल थोडकंच बोलतो, कारण त्यावर विकायला माझ्याकडे काही नाही. ताणाने केस गळतात हे खरं आहे. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की ताणाच्या संप्रेरकामुळे केसांच्या मुळांतल्या मूळपेशी लांबलेल्या विश्रांतीतच राहतात. पण त्यासाठी ताण मोठा किंवा खूप काळ चाललेला लागतो. सोमवारच्या मीटिंगने टक्कल पडत नाही. झोप सात तासांवर आणा, रात्रीचे कॉल टाळता येत असतील तर टाळा, चालायला जा. प्राणायाम करत असाल तर छानच, पण अनुलोम-विलोमाने भांग भरेल अशी आशा धरू नका. आणि रोज गळालेले केस मोजणं सोडा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी भांगाचा फोटो काढा.

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. त्यामुळे गळती आज थांबली तरी वेणी जाड वाटायला वर्ष किंवा जास्त लागेल. कपाळापाशी उभे राहणारे आखूड नवे केस दिसले तर ते चांगलं लक्षण. तपासण्यांत काही कमी निघालं तर ते भरा आणि तीन-चार फोटो जमू द्या. तेवढ्यात गळती थांबूनही भांग रुंदच होत असेल, किंवा तपासण्या सगळ्या चोख निघाल्या, तर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. आनुवंशिक प्रकारात जेवढं लवकर तेवढं वाचतं. मिनॉक्सिडिलची भीती बाळगायचं कारण नाही. ते मुळात रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांना केस यायला लागले म्हणून त्याचं लावायचं औषध झालं, आणि अमेरिकेत १९८८ पासून आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं, हे मात्र आधीच माहीत असावं.

जाताना तपासण्यांचे कागद, गेल्या सहा महिन्यांतल्या आजारपणाच्या तारखा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, गमीजसकट, घेऊन जा. दिवस राहण्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा, कारण यातली बरीच औषधं तेव्हा चालत नाहीत.