पाखराचं नाव लॅरी? कसं काय?

प्रश्न : ताई, गणपतीत आमच्या मंडळाची क्विझ झाली, त्यात विचारलं ट्विटरच्या निळ्या पाखराचं नाव काय, भाचा म्हणाला 'लॅरी', तर सगळे हसले आणि मार्कही दिला नाही. मी पण त्याच्याशी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खिलवायची पैज लावून बसलोय की असलं नाव असूच शकत नाही. आता सांगा कोण बरोबर?
– एक मामा, इंदूर

उत्तर : मामा, पाकीट काढा, भाचा जिंकला. लॅरीच नाव, आणि ते आलंय माणसावरून. लॅरी बर्ड म्हणून अमेरिकेतला बास्केटबॉलचा जबरदस्त खेळाडू, 33 नंबरची जर्सी, बॉस्टन सेल्टिक्सकडून 1981, 84 आणि 86 अशी तीनदा चॅम्पियनशिप. आपल्या इंदुरात जुने क्रिकेटर सी. के. नायडूंचं नाव निघालं की आजोबा लोक कसे सरसावून बसतात, तसं बॉस्टनकडे याचं. ट्विटरच्या संस्थापकांतला बिझ स्टोन त्याच भागातला, मग काय, पाखराला लॅरी. आडनावच बर्ड ना! म्हणजे आपल्याकडे लोगोतल्या कावळ्याला कुणा कावळे आडनावाच्या क्रिकेटरचं नाव द्यावं तसं, मला तर हा जोक भारी आवडतो.

आणि सुरुवातीचं पाखरू कंपनीने काढलेलंच नव्हतं. सायमन ऑक्सली नावाच्या ब्रिटिश डिझायनरचं चित्र स्टॉक फोटोच्या, म्हणजे तयार चित्रं विकणाऱ्या साइटवरून घेतलं, 15 डॉलरच्या आसपास, त्यातले त्या बिचाऱ्याच्या हातात थोडेच पडले. पण असल्या चित्राचा लोगो करायला लायसन्स परवानगी देत नाही, तेच चित्र उद्या दुसरं कोणीही घेईल, म्हणून मग स्वतःचं पाखरू काढावं लागलं. (प्रोग्रामर लोक कोड ठेवतात त्या गिटहब साइटचा ऑक्टोकॅट माहितीये? अर्धं मांजर अर्धा ऑक्टोपस, तो पण ऑक्सलीचाच.) 2012 चं पाखरू, ते चोच वर करून उडणारं, मार्टिन ग्रासरचं, सगळं वर्तुळांच्या तुकड्यांतून बनलेलं, भाच्याला कंपास देऊन काढायला लावा.

क्विझवाल्यांची बाजू एवढीच की कंपनी बाहेर नुसतं 'ट्विटर बर्ड' म्हणायची, लॅरी हे घरातलं नाव, शाळेत विनायक आणि घरी बाळू तसं. पण जुलै 2023 मधे मस्कने पाखरू उडवून एक्स लावलाय, तेव्हा 'नाव काय' हा प्रश्नच चुकला, 'काय होतं' विचारायचं.

आणि एका प्लेटवर भागवू नका हं, पोराचा मार्क पण गेलाय.