वाचक विचारतात: ही गावं कुणी मोजून वसवलीत का?

प्रश्न: सर नमस्कार. मी कोथरूडला राहते, माहेर मंचरजवळचं. वीस-बावीस वर्षं नाशिक रोडनं ये-जा करतेय पण परवा मुलीनं गाडीत विचारलं, आई चाकण झालं की राजगुरुनगर, मग मंचर, मग नारायणगाव, मग आळेफाटा, सगळी मोठी गावं अशी थोड्या थोड्या अंतरावरच कशी येतात, कुणी टेप लावून वसवलीत का? मला काही सांगता येईना. आणि माझा पण एक प्रश्न, आमच्याकडं भाजी-किराणा कायम मंचरला पण लग्नाचा बस्ता बांधायला पुण्यालाच यायचं, हे कसं ठरतं?

उत्तर: ताई, बस्त्यापासून सुरू करू कारण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे.

कुठलंही दुकान चालायचं तर त्याला ठरावीक गिऱ्हाईक लागतंच, त्याच्या खाली गेलं की भाडं निघत नाही. किराणा दुकान एका वाडीवर सुद्धा चालतं कारण मीठ-साखर प्रत्येक घराला दर आठवड्याला लागते. शालूचं दुकान तसं चालणार नाही, एका घरात लग्न निघणार किती वर्षांनी एकदा, म्हणून त्या दुकानाला हजारो घरं मागं लागतात. हे झालं दुकानदाराच्या बाजूनं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलं तर कोथिंबिरीच्या जुडीसाठी कुणी ६० किलोमीटर जात नाही, पण पोरीच्या लग्नाच्या साड्या म्हटल्यावर सगळं घर जीप करून लक्ष्मी रोडला येतं, दिवसभर गाद्यांवर बसून साड्या उलगडून बघतं आणि तो खर्च कुणाला जास्त वाटत नाही. म्हणजे प्रत्येक वस्तूचा एक पल्ला असतो. लहान पल्ल्याच्या वस्तू गावोगाव मिळतात, लांब पल्ल्याच्या मोजक्या ठिकाणी, आणि ज्या गावात लांब पल्ल्याच्या गोष्टी मिळतात त्या गावाचा दबदबा तेवढा लांबवर.

ह्या दोन गोष्टींवरून वाल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या गावांचा हिशोब मांडला, त्याला आपल्याकडं मध्यवर्ती स्थान सिद्धांत म्हणतात. समजा जमीन अगदी सपाट आहे, माणसं सगळीकडं सारखी पसरलीत, जायला-यायला कुठूनही सारखाच त्रास, तर प्रत्येक बाजारगावाभोवती गोल वर्तुळ पडेल. पण वर्तुळं शेजारी शेजारी ठेवली की मधे फटी राहतात, त्या फटीतल्या लोकांनी जायचं कुठं? म्हणून वर्तुळं एकमेकांत दाबली जातात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन तयार होतात. सगळ्यात छोटी बाजारगावं त्याच्या हिशोबात एकमेकांपासून सुमारे ७ किलोमीटरवर येतात, कारण तासाभरात चालून होणारं ४ किलोमीटर हा त्यानं पल्ला धरला होता. त्याच्या वरच्या पायरीची गावं १२ किलोमीटरवर, मग २१, मग ३६, म्हणजे दर पायरीला साधारण १.७३ पट. गाव किती मोठं हे ठरवायला त्यानं नुसती लोकसंख्या घेतली नाही, तिथं टेलिफोन किती आहेत ते मोजलं, कारण त्या काळी फोन असायचा तो व्यापारी, डॉक्टर, कचेऱ्या ह्यांच्याकडं. मला ही युक्ती फार आवडते, किती लोक राहतात ह्यापेक्षा किती लोकांचं काम तिथं अडतं हे त्यानं शोधलं.

आता तुमचा रस्ता घ्या. पुण्यापासून चाकण ३०, राजगुरुनगर ४०-४२, मंचर ६०, नारायणगाव ७५, आळेफाटा ९० किलोमीटरच्या आसपास. मधलं अंतर सरासरी पंधरा किलोमीटर, म्हणजे सकाळी बैलगाडी जुंपून निघायचं, बाजार करायचा, आणि दिवेलागणीला घरी. आपल्याकडचा पल्ला बैलाच्या पायानं ठरला. टेप कुणी लावला नाही, ज्या गावांना दोन्हीकडची गिऱ्हाइकं पुरली ती वाढली आणि मधली छोटी राहिली.

आणि जिथं रोजचं दुकान चालण्याएवढी माणसंच नाहीत तिथं काय? तिथं दुकान फिरतं, आठवडी बाजार म्हणजे तेच. मागं एका बाजारात सुकट-बोंबील विकणाऱ्या मावशींपाशी बराच वेळ बसलो होतो, घमेल्यात सुकट, पुढं निळा प्लास्टिकचा कागद, मोजायला एक पिचलेलं माप. आठवड्यातले पाच दिवस पाच गावं. एकाच गावात रोज का बसत नाही विचारलं तर म्हणाल्या, "चौथ्या दिशी माशाच वारायच्या की." एका गावाचं गिऱ्हाईक पुरत नाही म्हणून पाच गावांचं मिळून त्या एक दुकान चालवतात. विल्यम स्किनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं चीनच्या सिचुआन प्रांतातल्या बाजारांचं असंच वेळापत्रक मांडून १९६४-६५ मध्ये त्यावर लिहिलं, तिथंही शेजारशेजारच्या गावांचे बाजाराचे दिवस एकमेकांना सोडून पडायचे.

पण ताई, खरी गंमत तुमच्या माहेरीच आहे आणि ती मुलीला नक्की दाखवा. आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला पण बाजारपेठ मोठी मंचरची. जुन्नर तालुक्याची कचेरी जुन्नरला पण टोमॅटोच्या गाड्या लागतात नारायणगावला. असं का, तर घोडेगाव आणि जुन्नर हायवेवर नाहीत. क्रिस्टालरनं हे पण सांगितलं होतं, बाजार बघून गावं वसली तर एक नक्षी पडते, रस्ता बघून वसली तर वेगळी, कचेरी बघून वसली तर आणखी वेगळी. आपल्याकडं तीन नक्ष्या एकावर एक पडल्यात म्हणून नकाशावर स्वच्छ षटकोन कधीच दिसत नाही, त्यात पश्चिमेला सह्याद्री आणि मधे भीमा, घोड, मीना, कुकडी. जुन्नर तर एके काळी केवढं गाव, सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कोकणच्या बंदरांचा माल यायचा-जायचा तो त्याच बाजूनं. वाट बदलली आणि बाजार सरकला. कचेरी मात्र जुन्नरातच आहे.

आणखी एक, नारायणगावला गुढीपाडव्याच्या आधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यातली गावकरी मंडळी जत्रेची सुपारी द्यायला तिथं येतात. तमाशा वर्षातून एकदा लागतो, म्हणजे लांब पल्ल्याची गोष्ट, म्हणून अख्ख्या मुलखाला मिळून एकच तमाशापंढरी पुरते. पुण्याला लोक शालूसाठी येतात तसंच हे.

क्रिस्टालरबद्दल एक गोष्ट लपवायची नाही. हाच माणूस पुढं नाझींच्या नियोजन खात्यात गेला आणि व्यापलेल्या पोलंडमध्ये कुठं गाव ठेवायचं कुठं नवं वसवायचं ह्याचे आराखडे करत बसला, तिथली माणसं हाकलून. सिद्धांत शिकवताना हे पण शिकवलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण गावं आपोआप कशी वसतात हे समजणं वेगळं आणि नकाशावर रेघ मारून माणसं उठवणं वेगळं.

प्रश्न: पुणे एवढं वाढलं, पिंपरी-चिंचवड धरलं तर कुठल्या कुठं गेलं, तरी मुंबईच्या जवळपास पण नाही. शहरांच्या आकाराचा काही नियम आहे का? — एक वाचक, निगडी

उत्तर: आहे, पण तो निरीक्षणातून निघालाय, कायद्यासारखा घेऊ नका. १९१३ मध्ये फेलिक्स आउअरबाख आणि नंतर १९४९ मध्ये जॉर्ज झिफ ह्यांनी दाखवलं की बऱ्याच देशांत दुसऱ्या नंबरचं शहर पहिल्याच्या निम्मं, तिसरं एक तृतीयांश, चौथं एक चतुर्थांश असं उतरत जातं. ह्याला क्रमांक-आकार नियम म्हणतात. उलट १९३९ मध्ये मार्क जेफरसन म्हणाला की पुष्कळ देशांत एकच शहर इतकं पुढं निघून जातं की दुसरं त्याच्या जवळ पण नसतं, थायलंडमध्ये बँकॉकचं आहे तसं.

२०११ च्या जनगणनेचे आकडे लावून बघा, आजूबाजूची शहरं धरून. मुंबई १ कोटी ८४ लाख, पुणे ५० लाख, नागपूर २५ लाख. नियमानं पुणे ९२ लाख आणि नागपूर ६१ लाख हवं होतं. म्हणजे महाराष्ट्र जेफरसनच्या बाजूचा. पण देश घेतला तर उलटं, मुंबईनंतर दिल्ली १ कोटी ६३ लाख आणि कोलकाता १ कोटी ४१ लाख, निम्म्याच्या कितीतरी वर. देश एवढा मोठा, राजधानी एकीकडं, बंदरं दुसरीकडं, प्रत्येक राज्याचं आपलं मोठं शहर, मग एकाच शहराला सगळं ओढता येत नाही. राज्यात मात्र बंदर, राजधानी, गिरण्या, रेल्वे सगळं मुंबईलाच मिळालं, १८१८ ला पेशवाई गेली तेव्हा पुण्याची राजधानी गेली आणि तो अनुशेष अजून दिसतो.

तरी नुसत्या डोक्यांवरून शहराचं वजन मोजू नका. संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात उभं राहून बघा, बीड, लातूर, नांदेड, परभणीची पोरं एमपीएससीची पुस्तकं हाताळत असतात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतात, मेसला डबा लावतात. त्यातली कितीतरी पोरं कागदोपत्री अजून गावाकडचीच. ह्या एका गोष्टीपुरता पुण्याचा पल्ला मराठवाडा ओलांडून जातो.

प्रश्न: माझं गाव पेठ नाक्याजवळ, मी पुण्यात नोकरीला. आमचं गाव कोल्हापूरचं म्हणायचं की पुण्याचं? घरात ह्यावरून कायम वाद होतात.

उत्तर: वाद मिटवायला एक सूत्र आहे. १९३१ मध्ये विल्यम रायली नावाच्या अमेरिकन माणसानं सांगितलं की शहराची ओढ लोकसंख्येबरोबर वाढते आणि अंतराच्या वर्गानं कमी होते. त्यावरून पुढं पॉल कन्व्हर्सनं दोन शहरांमधली सीमा काढायची रीत दिली. पुणे ५० लाख, कोल्हापूर साडेपाच लाखांच्या वर, म्हणजे पुणे साधारण ९ पट. ९ चं वर्गमूळ ३. मग मधल्या २३० किलोमीटरचे चार भाग करायचे, तीन पुण्याचे, एक कोल्हापूरचा. सीमा पडते कोल्हापूरपासून ५७-५८ किलोमीटरवर, म्हणजे पेठ नाका आणि कराडच्या मधे. तुमचं गाव थोड्या फरकानं कोल्हापूरचं.

पण सूत्रानं मधली गावं धरलेली नाहीत. बाजाराला तुम्ही कराडला पण जात असाल, दवाखान्याला मिरजेला, आणि मिरजेचं तर बघा, शहर आकारानं पुण्यापुढं केवढंसं, पण तिथल्या सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत टांगलेले असतात आणि देशभरातले वादक आपला तंबोरा, सतार तिथं बनवून घेतात, दुरुस्तीलाही तिथंच आणतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रायलीच्या सूत्रात लोकसंख्या टाकून हे उत्तर कधीच निघालं नसतं. त्यामुळं घरात पुढच्या वेळी वाद झाला की आधी विचारा, कशासाठी जायचंय?