सेलिब्रिटी, मान्यवर की नामवंत?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवाची पत्रिका छापायला जायची आहे. आरतीला मालिकेतली एक अभिनेत्री, प्रभागाचे नगरसेवक आणि एक हृदयरोगतज्ज्ञ येणार. प्रश्न असा, की 'सेलिब्रिटी पाहुणे' लिहावं की त्याला मराठी शब्द आहे?

तिघांना मिळून एकच शब्द हवा असेल तर 'मान्यवर' लिहा. त्यांतली सेलिब्रिटी एकटी अभिनेत्रीच. नगरसेवकांना प्रभागाबाहेर कुणी ओळखत नसलं तरी ते मान्यवरच. हा शब्द मानाचा, व्यासपीठावरच्या खुर्चीचा. उलट, ज्याची रील्स लाखो लोक बघतात असा कॉलेजकुमार सेलिब्रिटी असतो, पण पत्रिकेत त्याला मान्यवर म्हटलं तर हसू त्यालाच येईल.

'नामवंत' आणि 'प्रथितयश' हे शब्द कामावरून लागतात. डॉक्टर, वकील, लेखक नामवंत असतात, तरी तलावपाळीवर फेरी मारताना त्यांना सेल्फीसाठी कुणी अडवत नाही. सेलिब्रिटीच्या बाबतीत आधी गर्दी जमते. 'यांनी केलंय काय?' हे मागाहून विचारलं जातं. मूळ लॅटिन विशेषणाचा अर्थही 'गजबजलेला, वर्दळीचा' असाच आहे. (त्या हिशेबाने आपला बाजाराच्या गर्दीचा जांभळी नाका केव्हाचाच सेलिब्रिटी!) इंग्रजीत हा शब्द आधी नुसत्या 'प्रसिद्धी'साठी होता, प्रसिद्ध माणसाला तो रूढ झाला 19व्या शतकात.

अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द 'वलयांकित'. पण ते विशेषण आहे, पुढे 'व्यक्ती' जोडावी लागते आणि बोलताना ते कुणाच्या तोंडी येत नाही. 'तारांकित' नकोच, तारांकित असतो तो विधानसभेतला प्रश्न, नाहीतर पंचतारांकित हॉटेल. 'नामांकित' म्हणजे खरं तर नामवंतच, पण हल्ली पुरस्कारांच्या बातम्यांमुळे तो 'नामांकन मिळालेला' असाही वाचला जातो. त्यापेक्षा 'सुप्रसिद्ध अभिनेत्री' लिहून पुढे नाव द्यावं. एकदा व्यवसाय लिहिला की सेलिब्रिटी या शब्दाची गरजच उरत नाही.

खरा घोळ होतो तो हा शब्द दुसऱ्या नामाआधी आला की. 'सेलिब्रिटी शेफ' म्हणजे स्वतः प्रसिद्ध असलेला शेफ. 'सेलिब्रिटी मेकअप आर्टिस्ट' म्हणजे बहुतेक वेळा प्रसिद्ध लोकांचा मेकअप करणारी. तिला स्वतःला कुणी ओळखत असेल किंवा नसेल. पाट्यांवर हा शब्द इतका का दिसतो, ते यातच आलं. मराठीत 'नामवंत रंगभूषाकार' आणि 'नामवंतांच्या रंगभूषाकार' असा फरक एका प्रत्ययाने होतो.

आता लेखन. 'सेलिब्रेटी' हे 'सेलिब्रेशन'च्या ओढीने होतं, 'सेलिब्रिटी' लिहावं. शेवटचा 'टी' दीर्घ, आधीचे 'लि' आणि 'ब्रि' ऱ्हस्व. लिंग व्यक्तीप्रमाणे : सेलिब्रिटी आला, सेलिब्रिटी आली. अनेकवचन 'हत्ती'सारखं, म्हणजे रूप तेच : एक सेलिब्रिटी, चार सेलिब्रिटी. प्रत्यय लागताना अनेकवचनात अनुस्वार येतो : सेलिब्रिटींना, सेलिब्रिटींचा. 'सेलिब्रिटीजना' लिहिलं की अनेकवचन इंग्रजीतून आधीच आलेलं असतं आणि त्यावर मराठी प्रत्यय चढतो. 'फॅन्सना' चालतं मग हे का नाही, असं कुणी म्हणेल. 'फॅन्स' निदान तोंडात बसलाय. 'सेलिब्रिटीजना' म्हणताना जीभ अडखळते, आणि 'सेलिब्रिटींना' हाताशी आहेच.