शंका-समाधान : द्राक्षवेलीचा एकच ओलांडा का वाळतो?

प्रश्न : शिरोळ तालुक्यात आमची बारा वर्षांची द्राक्षबाग असून ती डॉगरीज खुंटावर (म्हणजे द्राक्षाचे कलम ज्याच्या मुळांवर बांधतात त्या जातीवर) आहे. काही वेलींचा एका बाजूचा ओलांडा (खोडातून मांडवावर आडवी नेलेली जाड फांदी) फुटत नाही. फुटलाच तर पाने बारीक राहतात. डाऊनी-भुरी या पानांवरच्या बुरशीरोगांच्या फवारण्या वेळेवर होतात. शेजारी खोडकिडा म्हणतात. काय करावे? (एक वाचक, जि. कोल्हापूर)

उत्तर : खोडकिडा असता, तर सालीवर छिद्र आणि बुंध्याशी भुसा दिसला असता. तो नसेल, तर लाकडात वाढणाऱ्या बुरशीचा संशय घ्यावा. न फुटलेला ओलांडा करवतीने आडवा कापून पाहा. निरोगी लाकूड फिकट असते. रोगट लाकडात सालीकडून गाभ्याकडे निमुळता होत गेलेला, पाचरीच्या आकाराचा कडक तपकिरी डाग दिसतो आणि त्याचा माग काढत गेल्यास बहुधा छाटणीची एखादी जुनी, जाड जखम सापडते. उष्ण हवामानातील लॅसिओडिप्लोडिया ही बुरशी असा डाग पाडते, परंतु इतर बुरशींचाही डाग असाच असल्याने पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेणे बरे.

या रोगासाठी पानांवरच्या फवारणीवर खर्च करू नये, कारण ते औषध लाकडातल्या बुरशीपर्यंत पोहोचत नाही. एस्का या खोडाच्या लाकडातील बुरशीरोगावर फ्रान्समध्ये वापरले जाणारे सोडियम आर्सेनाइट माणसालाच घातक ठरल्याने २००१ मध्ये बंद झाले, आणि त्याच्या तोडीचे औषध अद्याप हाती नाही.

म्हणून कापणे हाच उपाय. डाग संपून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत आणि त्याखाली आणखी वीतभर ओलांडा काढावा. डाग खोडात उतरला असेल, तर खोडही खाली कापून नव्या फुटव्यावर वेल उभी करता येते; मात्र तो फुटवा कलमाच्या जोडाच्या वरचाच हवा, नाहीतर मांडवावर आपल्या द्राक्षाऐवजी खुंटाची डॉगरीज चढेल आणि हे बागाईतदाराच्या लक्षात फार उशिरा येते.

आपल्याकडे एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोनदा जखमा होतात. त्यांतच वळवाचा किंवा परतीचा पाऊस आला, की मेलेल्या लाकडावरचे बुरशीचे बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडून ताज्या जखमांवर पडतात. त्यामुळे छाटणी उघडिपीत करावी, जाड कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी, रोगट वेली आधीच खुणा करून सर्वांत शेवटी छाटाव्यात आणि कापलेले लाकूड बांधावर रचून न ठेवता बागेबाहेर नेऊन नष्ट करावे.