दुसरी खुर्ची आईची

प्रिय बाळा,

“आईला बाबांची मायाच उरली नाही का?” हे तुझं वाक्य वाचलं आणि अशी चिडले की दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही.

ती बाहेरच्या खोलीत चटई टाकते आणि बाबांवर खेकसते, एवढंच तुला दिसलं. बाबांना जे इंजेक्शन देतात, त्याने पुरुषी हार्मोन जवळजवळ बंद पडतं. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर त्याच हार्मोनवर पोसतो, म्हणून ते हवंच. पण त्यापायी अंगाची लाही लाही होते, माणूस मधेच रडतो, मधेच भडकतो, इच्छा मरते, हाडं ठिसूळ होतात. रात्री बाबा पंखा पाचवर करतात, आई शाल लपेटते. मग ते लघवीला उठतात, ती दिवा लावते. तिची झोप कधी होते, विचारलंस? आणि चटई तिने आधी टाकली, की त्यांनी आधी पाठ फिरवली?

डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या असतात. एकीवर बाबा, दुसरीवर तू. आई बाहेर पिशव्या सांभाळते. अरे, ती दुसरी खुर्ची आईची आहे!

तू शिकलेला, रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा आणि कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा ग्लिसन स्कोअर तुला तोंडपाठ. मान्य. तरी खुर्ची आईचीच. नवऱ्याजवळ झोपलं तर चालेल का, हा रोग मला लागेल का, आमच्यातलं ते सगळं आता संपलं का, हे ती पोटच्या मुलासमोर विचारेल? रोग लागत नाही, हे तिला अजून कोणी सांगितलंय का?

आमच्या यांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनच्या वेळी मी डॉक्टरांसमोर आत जाऊन बसले. “वहिनी, पुरुषांच्या गोष्टी आहेत, मी बघतो,” म्हणून दीर अडून बसले. मी उठले नाही. नसांना धक्का लागला की पुरुषाची ताकद यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, कधी येतही नाही, हे मी विचारलं म्हणून कळलं. लघवी रोखायचे व्यायाम मीच शिकून घेतले. यांना लाज वाटे, म्हणून डायपर गिरगावातून न घेता दादरला उतरून घ्यायचे आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीतून घरी आणायचे. नात्यात मला आगाऊ म्हणाले. म्हणोत. सल एवढीच आहे की बायोप्सीच्या वेळी मला बाहेर बसवलं. यांनी घरी येऊन निम्मंच सांगितलं आणि कितीतरी दिवस आम्ही एकमेकांपासून तोंड लपवत राहिलो.

परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं १९४१ साली. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की हे हार्मोन तोडलं की हा कॅन्सर दबतो. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. इतकी जुनी विद्या, आणि आपल्या घरांत बायकोला अजून दाराबाहेर बसवतात. रुग्णापेक्षा त्याच्या बायकोवर जास्त ताण येतो, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. तिचा केसपेपर मात्र कोणी काढत नाही.

पुढच्या तारखेला दोघांना आत पाठव आणि पिशव्या तू घे. तिला वेळ लागला तर दार ठोठावू नकोस. आणि तिचं बीपी शेवटचं कधी तपासलं ते मला रविवारच्या आत कळव.

तुझी,
मावशी